सामाजिक भांडवल आणि आपत्तीनंतरचे गाव : एका सिद्धांताची परीक्षा

एखाद्या वस्तीवर मोठा भूकंप कोसळला किंवा समुद्र चालून आला, तर ती वस्ती पुन्हा उभी राहते ती कशाच्या बळावर, हा प्रश्न वरवर पाहता अभियंत्याचा आणि अर्थशास्त्रज्ञाचा वाटतो. हानी किती झाली, मदत किती आली, वस्ती मुळात संपन्न होती की दरिद्री, शासन कार्यक्षम होते की नव्हते, ह्या चार बाबी कळल्या म्हणजे उत्तर मिळाले, असेच दीर्घकाळ मानले जात होते. डॅनियल ऑल्ड्रिच ह्या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या प्रकाशनातर्फे प्रसिद्ध केलेल्या ‘बिल्डिंग रेझिलियन्स’ ह्या ग्रंथात ह्या समजुतीला आव्हान दिले. वस्तीला सावरतात ते माणसामाणसांतील बंध, विश्वास आणि एकत्र येऊन काम करण्याची सवय, म्हणजे तिचे ‘सामाजिक भांडवल’, असा त्याचा सिद्धांत आहे. आपत्तीविषयक अभ्यासात ह्या ग्रंथाला आज मोठे स्थान आहे. आपल्याकडील पदव्युत्तर प्रबंधांतही ‘सामाजिक भांडवल’ हा शब्दप्रयोग रूढ होत चालला आहे. म्हणूनच हा सिद्धांत आपल्या भूमीवर कितपत टिकतो, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे. किल्लारीचा भूकंप आणि अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील दुष्काळोत्तर पुनर्रचना ह्या दोन अनुभवांच्या कसोटीवर ही परीक्षा करण्याचे येथे योजिले आहे.

१

प्रथम ग्रंथकाराचे म्हणणे न्याय्यपणे मांडले पाहिजे. त्याने चार आपत्ती निवडल्या आहेत : १९२३ चा तोक्योचा भूकंप, १९९५ चा कोबेचा भूकंप, २००४ च्या त्सुनामीने झोडपलेला तमिळनाडूचा किनारा आणि २००५ च्या चक्रीवादळात बुडालेले न्यू ऑर्लिन्स. देश भिन्न, काळ भिन्न, आपत्तीचे स्वरूपही भिन्न. तरीही निष्कर्ष एकच निघतो, हे दाखवण्यासाठीच ही निवड आहे. तोक्योत ज्या विभागांत लोक मतदानास अधिक जात व राजकीय सभा-निदर्शने अधिक करीत, त्या विभागांची लोकसंख्या भूकंपानंतर अधिक वेगाने पूर्ववत झाली. कोबे शहराच्या नागाता भागातील मानो आणि मिकुरा ह्या दोन मोहल्ल्यांची तुलना तर फारच उद्बोधक आहे. मानोतील रहिवाशांनी रांग धरून हातोहात पाणी पुरवीत आगीचा प्रसार रोखला. मिकुरातील लोक मात्र आपली घरे जळताना पाहत राहिले.

बंधांचे तीन प्रकार ग्रंथकार मानतो. एकाच जातीच्या, कुळाच्या वा आळीच्या लोकांना एकमेकांशी घट्ट धरून ठेवणारे ते ‘बांधणारे’ बंध. भिन्न समूहांमध्ये पूल घालणारे ते ‘जोडणारे’ बंध. आणि सामान्य माणसाला अधिकाराच्या पायरीपर्यंत नेणारे ते ‘चढते’ बंध. तमिळनाडूतील ज्या मच्छीमार वस्त्यांत जातपंचायत बलिष्ठ होती आणि तिचे बाहेरच्या संस्थांशी व अधिकाऱ्यांशी संबंधही होते, त्यांना मदत लवकर आणि भरघोस मिळाली. पहिल्या प्रकारचे बंध होते पण तिसऱ्या प्रकारचे नव्हते, अशा वस्त्या मागे पडल्या.

ह्या विवेचनाचे मोल कमी लेखता येणार नाही. पुनर्वसन म्हणजे सिमेंट, पत्रे आणि अनुदान एवढाच अर्थ लावणाऱ्या प्रशासकीय दृष्टीला त्याने धक्का दिला. आपद्ग्रस्त माणूस हा केवळ मदतीचा पात्र नसून कर्ता आहे, हे त्याने आकड्यांनिशी मांडले. शिवाय, ह्या बंधांना दुसरी, काळी बाजू आहे हेही त्याने लपवलेले नाही. तमिळनाडूत पंचायतीच्या सभासद-कुटुंबांच्या यादीवरून मदत वाटली जाई. त्या यादीत नसलेले दलित, मुसलमान, विधवा आणि बाहेरून आलेले लोक मदतीवाचून राहिले, हे त्यानेच नोंदवले आहे. आमचा आक्षेप त्याच्या प्रामाणिकपणावर नाही. ज्या गोष्टीला तो सिद्धांताची ‘दुसरी बाजू’ म्हणून एका प्रकरणात बसवतो, ती वस्तुतः सिद्धांताच्या मुळाशीच आहे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

२

पहिला प्रश्न मापाचा. तोक्यो व कोबे ह्या दोन्ही ठिकाणी सावरण्याचे माप म्हणून लोकसंख्या घेतली आहे. एखाद्या विभागाची लोकसंख्या पूर्वीइतकी झाली, म्हणजे तो विभाग सावरला. परंतु डोकी मोजल्याने माणसे मोजली जात नाहीत. पूर्वीचे भाडेकरू निघून गेले आणि त्यांच्या जागी नवे, अधिक सधन लोक येऊन राहिले, तरी आकडा भरून निघतो. विभाग सावरला, पण विभागातली माणसे कोठे गेली, ह्याचे उत्तर त्या आकड्यात नसते. वस्ती आणि वस्तीतील लोक ह्यांत भेद न केल्यामुळे ‘कोण सावरले?’ हा मूळ प्रश्नच येथे झाकला जातो.

बंधांच्या मापाचीही तीच गत आहे. तोक्योत मतदानाचे प्रमाण हे बंधांचे गमक मानले आहे. परंतु जपानी स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळाला तो १९४५ मध्ये. म्हणजे अर्ध्या वस्तीचे परस्परसंबंध ह्या मापात येतच नाहीत. भूकंपानंतर भाकरी, पाणी, आजारी माणूस आणि तान्हे मूल ह्यांची काळजी वाहणारे जे संबंध, ते बहुधा ह्याच न मोजलेल्या अर्ध्या भागात असतात. ह्याच तोक्योत, ह्याच भूकंपानंतरच्या दिवसांत, मोहल्ल्यामोहल्ल्यांतील स्वयंघोषित रक्षकदलांनी केवळ अफवांवर विसंबून हजारो कोरियन लोकांची कत्तल केली. ती दलेही शेजारच्या शेजाऱ्यांनीच उभारलेली होती. मोहल्ला एकवटला होता ह्यात शंका नाही. तो कोणाविरुद्ध एकवटला होता हे माप सांगत नाही.

दुसरा प्रश्न उगमाचा. ‘भांडवल’ हे रूपक घेतले की ते आधीपासून साठवलेले काही द्रव्य असून आपत्तीच्या वेळी खर्चास उपयोगी पडते, अशी कल्पना आपोआप होते. परंतु ग्रंथकाराने दिलेले मानोचे उदाहरणच ह्या कल्पनेच्या विरुद्ध जाते. मानोचे रहिवासी १९६० नंतरच्या दशकात कारखान्यांच्या प्रदूषणाविरुद्ध लढले. त्या लढ्यातून त्यांच्या समित्या झाल्या, नगरपालिकेशी वाटाघाटी झाल्या, वस्तीच्या सुधारणेचे आराखडे झाले. १९९५ च्या पहाटे जी माणसे रांग धरून उभी राहिली, त्यांना तीस वर्षांच्या सार्वजनिक कामाने शिकवले होते. म्हणजे बंध हे कारण जितके, तितकेच ते कार्यही आहे. ते कोणत्या संस्थांतून आणि कोणत्या झगड्यांतून निर्माण होतात, हे विचारल्यावाचून ‘बंध असले की वस्ती सावरते’ असे म्हणणे हे अर्धेच स्पष्टीकरण होय.

३

आता किल्लारीकडे वळू. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाची रात्र संपता संपता, पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यांतील गावे कोसळली. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. तत्कालीन नकाशात हा प्रदेश भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. मातीच्या गाऱ्यात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशा घरांनीच आपल्या धन्यांना गाडले. दोष दगडाचा नव्हता; भिंतीच्या दोन्ही अंगांना सांधणारे आडवे दगड घालण्याची आणि माळवदाचा भार मर्यादेत ठेवण्याची शिस्त सुटली होती, ह्यामुळे हा अनर्थ झाला.

जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्र शासनाने जो पुनर्वसन कार्यक्रम राबवला, त्यात बावन्न गावे नव्या जागी हलवण्यात आली. इतर गावांपैकी काही जागच्या जागी उभी करण्यात आली आणि फार मोठ्या संख्येने घरांची दुरुस्ती व मजबुती करण्यात आली. स्थलांतरित गावांत घराचे आकारमान जमिनीवर ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यास अडीचशे चौरस फूट, त्याहून अधिक ते सात हेक्टरपर्यंत चारशे, आणि सात हेक्टरांवर साडेसातशे. एका रात्रीत सर्वांची घरे सारखीच जमीनदोस्त झाली होती. परंतु ती पुन्हा उभी राहिली ती सातबाराच्या उताऱ्यानुसार. भूकंपाने पुसलेली विषमता कागदाने परत आणली, असे ह्याचे वर्णन करता येईल. तथापि, दुसरी गोष्टही तितकीच खरी आहे. ज्या भूमिहीनाला गावाच्या मेहेरबानीवर कुडाची भिंत मिळत होती, त्याला प्रथमच स्वतःच्या नावाचे पक्के घर मिळाले, आणि ते गावाने दिले म्हणून नव्हे, तर शासनाच्या नियमात त्याची नोंद होती म्हणून मिळाले. नियम विषम होता, पण त्यात त्याला जागा होती. केवळ गावाच्या बंधांवर सोडले असते तर ती जागा मिळाली असती काय, ह्याचे उत्तर तमिळनाडूच्या याद्यांनी देऊन ठेवले आहे.

नव्या गावांची आखणी सरळ रेषांच्या रस्त्यांची आणि विस्तीर्ण होती. जुन्या गावठाणाच्या कितीतरी पट जागा तिने व्यापली. शेजार तुटला, पार आणि ओटे गेले, गुरे बांधण्याची आणि धान्य साठवण्याची सोय उरली नाही, अशा तक्रारी ह्या गावांच्या अभ्यासकांनी नोंदवल्या आहेत आणि त्या रास्त आहेत. परंतु जुन्या गावठाणाविषयी हळहळताना हेही स्मरणात ठेवले पाहिजे की त्या शेजाराला वेस होती आणि वेशीबाहेरही माणसे राहत होती. ‘समाज तुटला’ असे आपण म्हणतो तेव्हा कोणाचा समाज, हे सांगण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

किल्लारीचा एक विशेष मात्र ह्या सिद्धांताच्या मांडणीत सहज बसत नाही. दुरुस्ती व मजबुतीच्या कार्यक्रमात लोकसहभागाचे काम स्वयं शिक्षण प्रयोग ह्या संस्थेकडे आले आणि गावोगावच्या महिलांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. अनुदानाचे हप्ते, बांधकामाची पद्धत, गवंड्याच्या कामावरील देखरेख ह्या व्यवहारांत ज्या स्त्रिया कधीच नव्हत्या, त्या मंडळे करून उतरल्या. ही मंडळे भूकंपापूर्वीचे संचित नव्हती. एका सार्वजनिक कार्यक्रमाने त्यांना काम दिले, अधिकार दिला, आणि त्या कामातून बंध जन्मास आले. मानोत जे लढ्याने केले, ते येथे योजनेने केले. दोन्ही ठिकाणी उगम संस्थेत आहे, स्वभावात नाही.

४

किल्लारीनंतर अहमदनगर जिल्ह्याकडे वळण्याचे प्रयोजन सांगितले पाहिजे. ह्या जिल्ह्याने किल्लारीसारखा भूकंप अनुभवलेला नाही, हे खरे. परंतु किल्लारीनेही १९९३ पर्यंत तो अनुभवला नव्हता, आणि जिल्ह्याच्या पूर्व तालुक्यांतील जुनी धाब्याची घरे त्याच दगड-मातीच्या जातीची आहेत. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत सापडलेल्या ह्या जिल्ह्याची आपत्ती म्हणजे दुष्काळ. भूकंप क्षणात पाडतो, दुष्काळ सावकाश पाडतो. परंतु पडलेल्या गावाने पुन्हा कसे उठावे हा प्रश्न दोहोंत एकच आहे. सिद्धांत सर्व आपत्तींना लागू असल्याचा दावा असल्यामुळे त्याला येथे उभे करणे अन्यायाचे होणार नाही.

जिल्ह्यातील हिवरे बाजार हे ह्या सिद्धांताचे जणू आदर्श उदाहरणच वाटते. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार ह्यांच्याकडे सरपंचपद आल्यानंतर ग्रामसभेने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, कुटुंबनियोजन आणि श्रमदान ही सूत्रे स्वीकारली, पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडला, अधिक पाणी पिणाऱ्या पिकांना आळा घातला. शहरांकडे गेलेली अनेक कुटुंबे गावी परतली. लोकसंख्येचे माप लावले तरी गाव सावरले असेच दिसेल. परंतु ह्या यशाची उकल केली तर दोन गोष्टी आढळतात. पाणलोटाच्या कामांना लागलेला पैसा बव्हंशी रोजगार हमी आणि आदर्श गाव ह्या शासकीय योजनांतून आला. म्हणजे गावाच्या एकीला कायद्याचा आणि कोषागाराचा आधार होता. आणि चराईबंदीसारखा नियम सर्वांना सारखा लागू असला तरी सर्वांना सारखा जड नसतो. ज्याच्याकडे विहीर आहे त्याला वाढलेल्या पाण्याचा लाभ पहिल्या वर्षी मिळतो. ज्याच्याकडे जमीन नाही, फक्त चार शेळ्या आहेत, त्याचा तोटा पहिल्या दिवशी सुरू होतो. सामूहिक संयमाचे मोल कोणी किती दिले, हा हिशेब ताळेबंदात आला पाहिजे.

जामखेडचे उदाहरण ह्याहून अधिक बोलके आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्यांनी १९७० मध्ये तेथे ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला आणि लगोलग दुष्काळ आला. पिण्याच्या पाण्यासाठी कूपनलिका घेण्याचे ठरले तेव्हा त्यांच्या जागा हेतुतः दलित वस्त्यांत निवडल्या गेल्या. पाणी हवे तर सवर्णांना तेथे जाणे भाग होते. प्रवचनाने जे साधले नसते ते हातपंपाच्या जागेने साधण्यास आरंभ झाला. पुढे गावोगावच्या, पुष्कळदा दलित आणि निरक्षर, अशा स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून शिकवून हाच पूल रुंद करण्यात आला. येथे ‘जोडणारा’ बंध गावात आधी नव्हता. तो योजून, जागा ठरवून बांधला गेला. मात्र असा बंध एकदा बांधला की कायमचा, असेही नाही. २०१४ मध्ये ह्याच तालुक्यातील खर्ड्यास एका दलित विद्यार्थ्याची हत्या झाली. ज्याला आपण सामाजिक भांडवल म्हणतो ते तिजोरीत ठेवून निर्धास्त होता येईल असे द्रव्य नव्हे. ते रोजच्या व्यवहारात पुन्हा पुन्हा कमवावे लागते, आणि त्याच भूमीत त्याचा शत्रूही नांदत असतो.

५

मग बंधांच्या बाहेर असलेल्या माणसाचे काय? ह्या प्रश्नावर महाराष्ट्राजवळ एक उत्तर आहे आणि ते १९७२ च्या दुष्काळातून निघाले आहे. त्या दुष्काळात मे १९७३ पर्यंत राज्यातील सुमारे पन्नास लक्ष माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणाऱ्या, बांध घालणाऱ्या ह्या मजुरांनी मोर्चे काढले, वेळेवर मजुरी मागितली. त्या दडपणाचा आणि वि. स. पागे ह्यांच्या चिकाटीचा परिणाम म्हणून १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. काम मागणाऱ्यास जात, कूळ, गावातील वजन ह्यांपैकी काहीही विचारले जाणार नाही आणि काम देता आले नाही तर भत्ता द्यावा लागेल, हे तत्त्व त्याने मांडले. अंमलबजावणीत उणिवा राहिल्या, भ्रष्टाचारही झाला. तथापि तत्त्वाचे महत्त्व त्याने उणावत नाही.

आमच्या मते, ऑल्ड्रिचच्या सिद्धांतात जी कडी गळाली आहे ती हीच. बंधांतून हक्क निर्माण होतो. परंतु हक्क एकदा निर्माण झाला की तो बंधाबाहेरच्या माणसालाही मिळतो. खडीच्या कामावर एकत्र आलेल्या मजुरांची एकजूट हा बंध होता. त्या एकजुटीतून झालेला कायदा मात्र एकजुटीत कधीच नसलेल्या एकाकी विधवेलाही हजेरीपटावर नाव मागण्याचा अधिकार देतो. बंध आपल्यांना सांभाळतो. हक्काला आपला-परका हा भेद करता येत नाही. म्हणून पुनर्रचनेचे मूल्यमापन करताना वस्तीत बंध किती होते एवढे विचारून भागणार नाही. त्या बंधांचे रूपांतर सर्वांना लागू पडणाऱ्या हक्कात झाले की एका समूहाच्या मक्तेदारीत झाले, हे पाहिले पाहिजे.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. अहमदनगर जिल्हा हा साखर कारखान्यांचा जिल्हा आहे. प्रवरानगरच्या कारखान्यापासून सहकारी साखरधंद्याचा येथे पाया घातला गेला. सहकार हा बंधांचा मोठाच आविष्कार, पण त्याला सभासदत्वाची मर्यादा आहे. त्याच जिल्ह्यातील पाथर्डी, शेवगाव, जामखेड ह्या तालुक्यांतून आणि शेजारच्या बीडमधून मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि गळिताचा हंगाम संपेपर्यंत फडाशेजारच्या कोप्यांत राहतात. कारखान्याच्या सभासदयादीत त्यांचे नाव नसते आणि सहा महिने ते आपल्या गावच्या ग्रामसभेतही नसतात. समजा, हंगामाच्या ऐन भरात एखाद्या पहाटे ह्या पठारावर जमीन हादरली, तर ह्या कुटुंबाची नोंद कोणत्या यादीत होईल? गावचे घर पडले तर पंचनाम्याच्या वेळी ते तेथे नाही. कोपी पडली तर ते घर म्हणून मोजले जाणार नाही. बांधणाऱ्या बंधांच्या दृष्टीने ते दोन्हीकडे परके. अशा कुटुंबाला सावरू शकेल ती केवळ अशी तरतूद, जी माणसाला त्याच्या गावावरून न ओळखता माणूस म्हणून ओळखते.

ह्या विषयावर पुढे काम करू इच्छिणाऱ्यांनी म्हणूनच लोकसंख्येच्या तक्त्यांवर न थांबता तीन प्रकारचे कागद शेजारी शेजारी ठेवून वाचावेत : ग्रामसभेचे इतिवृत्त, रोजगार हमीचे हजेरीपट आणि मदतवाटपाच्या याद्या. इतिवृत्तात गाव आपल्याविषयी काय बोलते ते दिसेल. हजेरीपटात गावात राबते कोण ते दिसेल. आणि यादीत गाव कोणाला आपले मानते ते दिसेल. ह्या तीन कागदांवरील नावे जेथे जुळत नाहीत, तेथेच सामाजिक भांडवलाच्या सिद्धांताची खरी परीक्षा आहे. बंधांचे सामर्थ्य ऑल्ड्रिचने निर्विवादपणे सिद्ध केले आहे, ह्याबद्दल त्याचे ऋण मान्य केले पाहिजे. त्या सामर्थ्याची कुंपणे कोठे कोठे घातली गेली आहेत, हे शोधण्याचे काम मात्र वेस आणि वेशीबाहेरची वस्ती हे दोन्ही शब्द ज्या भाषेत रोजचे आहेत, त्या भाषेतील अभ्यासकांकडे येते.